थार, जिम्नी उंच करायच्या आधी: टायर आणि सस्पेन्शनबद्दल कायदा काय म्हणतो

"दोन इंच उचलली तर चालते ना?" थार किंवा जिम्नी घेऊन माझ्याकडे अलाइनमेंटला येणारी पोरं हे हमखास विचारतात. आपल्या कायद्यात असा दोन इंचांचा आकडाच नाही. ऑस्ट्रेलियात अशा गाड्यांच्या टायरचा व्यास ५० मिमीपर्यंत, म्हणजे सुमारे दोन इंच, वाढवायला मुभा आहे. तिकडचे व्हिडिओ बघून लोक तो आकडा इथे लावतात.

आपल्याकडे मोजपट्टी एकच, कंपनीने काय पास करून घेतलंय. नवीन मॉडेल बाजारात आणण्याआधी कंपनीला त्याचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. तेव्हा "आरटीओत एन्ट्री मारून घेऊ" या भरवशावर लिफ्ट किटचा (गाडी उंच करायच्या सामानाचा) अ‍ॅडव्हान्स देऊ नका. सीएनजी किटला तशी सोय आहे, ती कायद्यानेच दिलेली आहे.

म्हणून आधी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर बघा. त्यावर टायरचं माप आणि हवा दोन्ही असतं. माझा सल्ला असा की कंपनीने तुमच्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरियंटला दिलेलं माप, एवढ्यावरच थांबा. २०२० च्या तीन दारी थारला बेस व्हेरियंटमध्ये २४५/७५ आर १६ होतं आणि वरच्यात २५५/६५ आर १८. पहिल्याचा व्यास ७७४ मिमी, दुसऱ्याचा ७८९. व्यास काढणं सोपं आहे: २५५ ही टायरची रुंदी मिमीत, तिचे ६५ टक्के म्हणजे टायरच्या बाजूची उंची १६५.७५, त्याची दुप्पट ३३१.५, त्यात १८ इंची रिमचे ४५७.२ मिळवा.

आता तेहतीस इंची टायर घ्या. व्यास ८३८, म्हणजे ७८९ पेक्षा सहा टक्क्यांहून जास्त. मीटरवर ८० दिसतात तेव्हा गाडी ८५ ने पळत असते. एवढं करून एक्सल उचलला जातो जेमतेम २५ मिमी, कारण उंचीला व्यासाचा अर्धाच भाग येतो. वर चाक जड, ब्रेकवर ताण, आणि स्टिअरिंग पूर्ण कापलं की टायर मडगार्डच्या लायनरला घासतो. घासल्याची ती काळी पट्टी मी कितीतरी गाड्यांवर बोटाने दाखवलीय.

मापाबरोबर लोड इंडेक्स आणि स्पीडचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नको. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. क्यू म्हणजे ताशी १६०. बरेच मड टायर क्यूचे असतात, तेव्हा मूळ टायरशी ताडून बघा. आयएसआयची खूण हवीच. नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली तर मूळ मापाचा टायरही बेकायदा.

सस्पेन्शनमध्ये खराब झालेला शॉकअप त्याच लांबीचा नवीन टाकणं ही दुरुस्ती झाली. स्पेसर (स्प्रिंगजवळ बसवायचा जाड तुकडा) किंवा उंच स्प्रिंग घालून गाडी उचलणं हा बदल. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात. स्पेसर घातला की वरचा आर्म उभ्या गाडीतच खाली झुकतो, बॉल जॉइंटला खेळायला जागा उरत नाही, चाक फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढतो आणि त्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, लवकर फाटतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. जिम्नीला दोन्हीकडे सलग एक्सल. तिथे उचलल्यावर कॅस्टर (चाक सरळ ठेवणारा स्टिअरिंगचा कल) कमी होतो आणि हायवेवर गाडी एका रेषेत राहत नाही. ब्रेकच्या नळ्या ताणतात ते वेगळंच. अशी उचललेली गाडी बाजूने जाणाऱ्या दुचाकीवाल्यासाठीही धोक्याची आहे, म्हणून मी ते काम घेत नाही.

बेकायदा बदलाला कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "मी फक्त ट्रेलवर (कच्च्या वाटेवर) चालवतो" हेही उपयोगाचं नाही. लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा कायद्याने सार्वजनिकच, मग तिथे रस्ता असो वा नसो. अपघातानंतर विम्याचा सर्वेअर टायरचं माप लिहून घेतो आणि क्लेम तिथे अडकू शकतो.

मग पावसाळ्यात करायचं काय? मूळ मापातच चांगले ऑल टेरेन (रस्ता आणि माती दोन्हीला चालणारे) टायर घाला. चिखलात शिरण्याआधी हवा १८ ते २० पीएसआयवर आणा, फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) लावा आणि वेग कमी ठेवा. लाल मातीत पकड किती वाढते ते पहिल्याच चढाला कळेल. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी हवा परत स्टिकरवरच्या आकड्यावर आणा. त्यासाठी गाडीत छोटा कॉम्प्रेसर ठेवाच. नवीन टायर घेताना बिलावर पूर्ण माप आणि लोड इंडेक्स लिहून मागा, आणि ते बिल विम्याच्या कागदांसोबत ठेवा.