मुलांना देवावर विश्वास ठेवायला शिकवताना या चुका टाळा

मुलगी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री ती देवघरासमोर हात जोडून, डोळे घट्ट मिटून बसली होती. मी दारात कौतुकानं उभी होते. ती पुटपुटली, "बाप्पा, पेपर सोपा काढ, मी एकवीस दूर्वा वाहीन. आणि अवघड निघाला तर माझं काय चुकलं ते सांग." त्या शेवटच्या वाक्यानं माझी झोप उडाली, कारण ते माझ्याच बोलण्यातून तिच्याकडे गेलं होतं.

देवाशी सौदा

आपण नाशिककर आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीला जातो, नवस बोलतो, फेडतो. त्यात वावगं काही नाही. पण मोठ्या माणसानं नवसाबरोबर केलेली धावपळ, जागून काढलेल्या रात्री मुलांना दिसत नाहीत. त्यांना दिसतो फक्त नारळ आणि पेढे. मग देव म्हणजे काही दिलं की काम करून देणारा, एवढंच त्यांच्या मनात बसतं. काम झालं नाही की मूल एक तर देवावर रुसतं, नाहीतर स्वतःला दोष देतं. दुसरं जास्त वाईट.

यावर उपाय म्हणजे मागणं बदलणं. "पेपर सोपा काढ" याऐवजी "वाचलेलं आठवू दे, मला धीर दे". आणि मार्क कमी पडलेच, मूल म्हणालं, "मी तर रोज प्रार्थना केली होती," तर कृपा करून "मनापासून केली नसशील" असं म्हणू नका. जवळ घ्या. "वाईट वाटलं ना? हेसुद्धा बाप्पाला सांगू," एवढं पुरतं. देवाकडे तक्रारही करता येते, हे मुलाला कळलं पाहिजे. आपले संत विठ्ठलाशी भांडलेच आहेत की.

"देव आहे ना, मग घाबरतोस कशाला?"

ही चूक आपण सगळ्यात जास्त करतो, तीही प्रेमापोटी. या वाक्यानं भीती जात नाही, मूल ती बोलायचं तेवढं थांबतं. वर भीती वाटणं म्हणजे देवावर विश्वास नसणं, असं त्याला वाटू लागतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, मोठा पूर आला. आम्ही पंचवटीत राहतो. मोठा मुलगा तेव्हा दुसरीत होता. नाशिकमध्ये पूर मोजायचा तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं, अशा बातम्या घराघरांत फिरतात. त्या ऐकून तो रडवेला झाला. "मारुती बुडाला तर आपलं कसं होणार?" मी म्हणणार होते, "काही होत नाही, गप्प बस." सासूबाईंनी मला हातानंच थांबवलं. त्याला मांडीवर घेऊन त्यांनी आधी विचारलं, "तुला नक्की कशाची भीती वाटते रे?" त्याला भीती होती ती बाबांसाठी. ते पलीकडे कामावर होते आणि पुलावरून परत कसे येतील, हे त्याला कळत नव्हतं. पूर, मारुती ही नुसती निमित्तं होती. न विचारता धीर दिला असता तर तो भलत्याच गोष्टीसाठी दिला गेला असता.

मग बाबांना फोन लावला. खालचं सामान वर उचललं. आणि संध्याकाळी दिव्यापाशी सासूबाई म्हणाल्या, "मारुती पूर थांबवत नाही बाळा. तो पाण्यात उभा राहतो. पाणी उतरलं की बघ, तिथंच असतो." पाणी ओसरल्यावर आम्ही त्याला मुद्दाम नेऊन दाखवलं. चिखलानं माखलेला मारुती जागेवरच होता.

मला वाटतं, मुलांना द्यायचा विश्वास तो हाच. संकट येणारच नाही, असा शब्द देऊ नका. तो आपल्याला पाळता येत नाही.

भीती घालणं

"खोटं बोललास तर देव शिक्षा करेल" असं सकाळी म्हणायचं आणि रात्री अंधारात त्याच देवाचं नाव घेऊन झोप म्हणायचं. मूल कुणाचा आधार घेणार? हे आजपासून बंद करा.

प्रयत्न देवावर सोडणं

"असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" ही म्हण थट्टेची आहे, पण मुलं ती कधीकधी खरी मानतात. मी जनाबाईची गोष्ट सांगते. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसायचा, पण जनाबाई जातं सोडून उठली नव्हती. तसंच निवृत्तिनाथांचं. ब्रह्मगिरीवर वाघ आला, निवृत्ती घरच्यांपासून चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोचला, ही कथा मुलांना फार आवडते. ती जरूर सांगा. पण रामकुंडावरच्या गर्दीत जाण्याआधी आपला फोन नंबर पाठ करून घ्या. चुकलास तर आहेस तिथंच थांब, पोलिसांना किंवा लेकरं सोबत असलेल्या एखाद्या बाईला सांग, हेही त्याच वेळी शिकवा.

एक गोष्ट निक्षून सांगते. मुलाला कुणी मारत असेल, नको तिथे हात लावत असेल, तर "देव बघून घेईल" हे शब्द तोंडातून काढू नका. बघायचं आपण आहे. 1098 हा लहान मुलांसाठीचा मदतीचा नंबर घरात सगळ्यांना माहीत असू द्या. रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं, आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. आरती चालू ठेवूनच जा. त्यानं श्रद्धा कमी होत नाही.

मुलगी आता मोठी झाली आहे. परवा चित्रकलेच्या परीक्षेला निघताना तिनं दिवा लावला आणि म्हणाली, "बाप्पा, माझा हात थरथरतोय. जवळ बस." मग खाली बसून सगळ्या पेन्सिलींना टोक करत राहिली.