कंठापासून मुळापर्यंत : वर्णमालेने चक्रध्यान कसं करावं

चक्रध्यान म्हणजे कण्यालगत मानलेल्या चक्रांवर एकेक करून मन ठेवणं. ते करायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी मूलाधारावर, म्हणजे अगदी तळाच्या चक्रावर, मन नेऊन बसतात आणि तिथे निजलेली मानलेली शक्ती, कुंडलिनी, कधी जागी होते याची वाट बघतात. मी सांगणार आहे ती वाट वरून खाली येते. ती कंठात सुरू होते आणि तिच्यासाठी तुम्हाला अआइई येत असलं की पुरे. ठाण्यातल्या एका मराठी शाळेत पहिलीच्या मुलांना मुळाक्षरं शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे ही साधना मला फार जिव्हाळ्याची आहे. पण नवशिक्या माणसाला यापेक्षा निर्धोक आणि यापेक्षा लवकर मन बसवणारी रीत मला अजून भेटलेली नाही, म्हणून लिहिते आहे.

अक्षरांची ही मांडणी माझ्या मनची नाही. बंगालचे पूर्णानंद यती यांनी 1577 साली ‘षट्चक्रनिरूपण’ लिहिलं. त्यात प्रत्येक चक्राला कमळ म्हटलं आहे आणि प्रत्येक पाकळीवर एकेक अक्षर बसवलं आहे. मूलाधाराच्या पाकळ्या 4, स्वाधिष्ठानाच्या 6, मणिपूराच्या 10, अनाहताच्या 12, विशुद्धाच्या 16 आणि आज्ञेच्या 2. बेरीज करा, बरोबर 50 येतात. अ पासून क्ष पर्यंतची वर्णमाला त्यात बसते. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन वुड्रॉफ यांनी 1919 मध्ये या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद छापला आणि चक्रांची चर्चा जगभर पोचली. आपल्याकडे मात्र ती त्याच्या कितीतरी आधीपासून मराठीत आहे. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढून वाचा. नाथपंथाची ही योगविद्या निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांना मिळाली आणि त्यांनी ती मराठीत उघड सांगितली. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजलेलं आहे, ही कुंडलिनीची प्रतिमा तिथलीच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. चक्रं डॉक्टरांच्या सोनोग्राफीत दिसत नाहीत आणि दिसावीत अशी अपेक्षाही करू नये. तैत्तिरीय उपनिषदात माणसाचे पाच कोश, म्हणजे एकात एक असलेली आवरणं, सांगितली आहेत : अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय. हाडामांसाचा देह हा त्यातला पहिला, सगळ्यात बाहेरचा. चक्रं आतल्या सूक्ष्म देहाची आहेत. कुंडलिनी ही शक्ती या दिसणाऱ्या जगापुरती नाही असं मी मनापासून मानते आणि रोज पहाटे तिच्यासमोर बसते. तुम्ही एवढं मानलं नाहीत तरी साधना करता येते. चक्र म्हणजे मन ठेवायची जागा, इतकं धरून चाला.

आता बसायचं कसं ते. जागा एकच ठेवा. चरईतल्या आमच्या जुन्या इमारतीत मला स्वयंपाकघराच्या दाराशी जेमतेम चटईपुरती जागा मिळाली. ती मी बदलली नाही. खाली चटई, तिच्यावर सोलापुरी चादरीची घडी, आणि ढुंगणाखाली आणखी एक जाड घडी. कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली की पाठ आपोआप सरळ होते, ताणावी लागत नाही. गुडघे धरत असतील तर सरळ खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला न टेकलेली. मांडी घालता येत नाही म्हणून ध्यान सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याचं मला वाईट वाटतं, कारण मांडीचा इथे फारसा संबंधच नाही.

वेळ पहाटेची उत्तम. सूर्योदयाआधी 96 मिनिटांनी ब्राह्ममुहूर्त लागतो. ठाण्यात जूनमध्ये सहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि जानेवारीत सव्वासातच्या आसपास, म्हणजे थंडीत थोडं उशिरा उठलात तरी चालतं. पहाटेचं खरं कारण शहरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. संध्याकाळी सोसायटीत कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, गणपतीच्या दिवसांत मंडळाचे स्पीकर. पहाटे फक्त टाकीत पाणी चढवणारी मोटर आणि लांबून येणारा लोकलचा भोंगा. हे आवाज थांबवायच्या मागे लागू नका. मोटर लागली की कानावर येऊ द्या आणि पुढच्या अक्षरावर जा. शेजारचा मुलगा वागळे इस्टेटमध्ये रात्रपाळी करतो. तो घरी आल्यावर अंघोळ करून सकाळी साडेआठला बसतो आणि त्याचंही उत्तम चाललं आहे.

बसल्यावर आधी नाकपुडी तपासा. हाताची मागची बाजू नाकाखाली धरून हळूच श्वास सोडा. एका बाजूने वारा जास्त येतो. दर काही तासांनी ही बाजू बदलते, हे शरीरशास्त्रालाही ठाऊक आहे. योगी प्राण वाहण्याच्या वाटेला नाडी म्हणतात : डावीकडची इडा, उजवीकडची पिंगला. दोन्ही सारख्या वाहू लागल्या की मधली सुषुम्ना मोकळी होते. म्हणून थोडा वेळ नाडीशोधन करा : डावीने घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन झालं. पाच-सहा आवर्तनं पुरतात. श्वास रोखायचा नाही. हे मी पुन्हा म्हणणार आहे.

आता अक्षरं. इथे घाई करू नका, सगळी गोडी इथेच आहे.

डोळे मिटा आणि मन कंठात आणा, घाटीच्या थोडं मागे. हे विशुद्ध, आकाशाचं स्थान. सोळा स्वर इथे आहेत : अ आ इ ई उ ऊ ऋ ॠ ऌ ॡ ए ऐ ओ औ अं अः. एका उच्छ्वासाला एक स्वर, हलक्या आवाजात, लांबवून. ऋ नंतरचा ॠ दीर्घ म्हणा. ऌ म्हणजे क्लृप्ती या शब्दातला, आणि ॡ त्याचाच दीर्घ. आजच्या मुलांना हे फारसं शिकवत नाहीत, पण पाकळी मोकळी सोडायची नाही. अः म्हणताना श्वास पुरता बाहेर जाऊ द्या.

मग छातीच्या मध्यावर, आत पाठीच्या कण्याकडे. अनाहत, वायूचं स्थान. बारा अक्षरं : क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, ट ठ. व्यंजनांवर अनुस्वार देऊन म्हणा, कं, खं, गं. त्या अनुस्वाराचा गुंजारव ओठ मिटल्यावर छातीत उतरतो, तळहात छातीवर ठेवलात तर हाताला कळतो. बहुतेकांना पहिली खूण इथेच मिळते. कुणाला ऊब वाटते, कुणाला आतून रुंदावल्यासारखं होतं, कुणाचे डोळे भरून येतात. डोळे भरून आले तर येऊ द्या. पुसायला हात उचलू नका.

तिथून नाभीच्या मागे. मणिपूर, अग्नीचं स्थान. दहा अक्षरं : ड ढ ण, त थ द ध न, प फ. इथे पोट सैल हवं. दिवसभर पोट आत ओढून वावरायची सवय असते, विशेषतः बायकांना, त्यामुळे ढं म्हणताना पोट पुढे आलं की संकोच वाटतो. घरात कुणी बघत नाही, येऊ द्या पुढे.

त्याखाली ओटीपोटाच्या मागे, माकडहाडाच्या जरा वर. स्वाधिष्ठान, पाण्याचं स्थान. सहा अक्षरं : ब भ म, य र ल. मग अगदी तळाशी, जिथे आपण जमिनीला टेकतो तिथे, मूलाधार, पृथ्वीचं स्थान. चार अक्षरं : व श ष स. सं म्हणून झालं की थांबा. दोन-तीन श्वास नुसतं तिथे बसा आणि जमिनीचा आधार अनुभवा.

शेवटी एक लांब श्वास आत घेत मन कण्यातून सरळ वर आणा, भुवयांच्या मध्ये. आज्ञाचक्र. दोनच अक्षरं, हं आणि क्षं. झाली वर्णमाला. मराठी माणूस इथे विचारतोच, की ळ कुठे गेला. काही परंपरा त्याला धरून 51 वर्ण मोजतात. इथे पाकळ्या 50 आहेत, म्हणून तो या पाठात येत नाही.

आता उतरण्याचा क्रम बघा. आकाश, वायू, अग्नी, पाणी, पृथ्वी. तैत्तिरीय उपनिषदात सृष्टी ज्या क्रमाने झाली असं सांगितलं आहे, आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, असा अगदी तोच हा क्रम. आणि तोंडात काय होतं तेही बघा : कवर्ग कंठातला, चवर्ग टाळूचा, टवर्ग मूर्धेचा, तवर्ग दातांचा, पवर्ग ओठांचा. तोंडात आवाज आतून बाहेर येतो, देहात मन वरून खाली येतं. इतकी वर्षं फळ्यावर जी अक्षरं लिहून घेतली, त्यांच्या मागे एवढी मोठी व्यवस्था आहे हे मला जेव्हा उमगलं तेव्हापासून मी क लिहितानाही जपून लिहिते. खाली उतरण्याचा दुसरा फायदा व्यवहारातला आहे. वर चढण्याच्या ध्यानात घाई करणाऱ्यांना डोकं जड होणं, झोप उडणं असा त्रास होताना मी पाहिला आहे. या पाठात मन आधी जमिनीवर येतं आणि कपाळाशी दोनच श्वास राहतं.

एक फेरी सावकाश दहा मिनिटांची होते. पहिली फेरी आवाजात, दुसरी मनातल्या मनात. मनातली फेरी अवघड आहे. थ वर दुधाचा हिशेब आठवतो आणि पुढचं अक्षर हरवतं. अशा वेळी पहिलीतलं मूल पाटीवर गिरवताना करतं तसं करा : अक्षर चुकलं की ते पाटी फेकत नाही, बोटाने पुसतं आणि त्याच अक्षरापासून पुन्हा सुरू करतं. सगळं पहिल्यापासून म्हणायची गरज नाही. अक्षर हरवलेलं कळतं, हाच या रीतीचा मोठा गुण. नुसत्या श्वासावर बसलेल्या माणसाला मन भरकटल्याचं पाच मिनिटांनी कळतं, इथे पुढच्याच पाकळीला कळतं.

रंगांच्या मागे सध्या लागू नका. पोस्टरांवर दिसणारे इंद्रधनुष्याचे सात रंग पूर्णानंदांच्या ग्रंथात नाहीत. तिथे मणिपूर पावसाळी ढगासारखं काळसर आहे आणि विशुद्ध धुरकट जांभळं. डोळ्यांपुढे आपणहून काही दिसलं तर बघा, नाही दिसलं तर काही अडलेलं नाही. चक्र ‘ब्लॉक’ झालं आहे असं सांगून ते मोकळं करून देण्याचे हजारो रुपये मागणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. तुमच्या पाकळीवरचं अक्षर दुसरा कुणी म्हणू शकत नाही.

फेऱ्या झाल्या की लगेच उठू नका. तळहात घासून डोळ्यांवर ठेवा, मग कुशीवर वळून किंवा हाताचा आधार घेऊन उठा. चहा त्यानंतर. पहाटे जमलं नाही त्या दिवशी फक्त अनाहताची बारा अक्षरं करा, ती कुठेही होतात. माझी सून ऐरोलीला नोकरीला जाते. ठाणे–वाशी लोकलमध्ये खिडकी मिळाली की ती डोळे उघडे ठेवून, मांडीवरच्या पर्सवर हात ठेवून, मनात क ते ठ म्हणते. पूर्ण पाठ मात्र प्रवासात करू नका आणि गाडी चालवताना तर अजिबात नाही.

दोन-तीन महिन्यांनी अक्षरं आपोआप आपापल्या जागी उमटू लागली, की मग बीजमंत्र, म्हणजे त्या त्या चक्राचा एकाक्षरी मंत्र, जोडा : कंठात हं, हृदयात यं, नाभीत रं, स्वाधिष्ठानात वं, मूलाधारात लं, कपाळाशी ॐ. प्रत्येक चक्राची अक्षरं संपली की तिथलं बीज तीनदा. त्याआधी नको. पाकळ्या नीट झाल्याशिवाय बीज नुसतं तोंडात फिरतं.

आणि आता ते पुन्हा. श्वास रोखायचा नाही. रक्तदाब असलेले, हृदयाचं दुखणं असलेले, गरोदर बायका, फिट येणारे, मनाच्या आजारावर उपचार घेणारे, यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. ध्यान सुरू केलं म्हणून एकही गोळी बंद करू नये. छातीत दुखलं तर ते अनाहत जागं झालं असं समजून बसून राहू नका, तडक दवाखान्यात जा. सलग काही रात्री झोप लागली नाही, भीती वाटू लागली किंवा आवाज ऐकू येऊ लागले, तर साधना थांबवा आणि डॉक्टरांशी बोला.

कुंभक म्हणजे श्वास रोखणं, मूलबंध आणि उड्डियान म्हणजे ओटीपोटाचा तळ आणि पोट आवळून धरणं, हे सगळं यापुढचं आहे आणि ते वाचून करायचं नाही. समोर बसवून शिकवणारा माणूस हवा. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळासारख्या संस्थेत योगाचे वर्ग चालतात, तिथे जाऊन चौकशी करा. कुठेही गेलात तरी एक बघा : पहिल्या भेटीत जो तुमची दुखणी, तुमची औषधं आणि तुमची झोप विचारतो, त्याच्याकडे शिका.