नऊ माणसांचे कपडे आणि कोकणातला पाऊस

आमचं घर चिपळूणजवळ, माणसं नऊ. जून लागला की कपडे दोन-दोन दिवस वाळायचे नाहीत, वाळले तरी कुबट वास. मी रविवारी सगळं एकदम धुवायचे, सात किलोचं मशीन तोंडापर्यंत भरून. चुकत होतं ते तिथंच. ड्रम गच्च भरला की कपडे पाण्यात फिरतच नाहीत. मळ निघत नाही, साबण आत राहतो आणि ओलाव्यात त्यालाच वास धरतो.

आता रोज सकाळी एकच घाणा, वर पंजा सहज जाईल इतकी जागा सोडून. पावडर निम्मी केली. चादरी वेगळ्या दिवशी. पिळायची फेरी दोनदा लावते, मग पडवीत दांडीवर दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवून वाळत घालते, खाली टेबलफॅन. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून कमरेकडून टांगायची. नाहीतर खिशांची टोकं ओलीच राहतात. सासूबाई म्हणाल्या, "अगं, टॉवेल आधी झटकून घे, मऊ राहतो." खरंच राहतो.

घड्या मात्र मी घालत नाही. प्रत्येकाची बादली ठेवलीय, वाळलेलं त्यात टाकते. पुढचं ज्याचं त्यानं. मुलंसुद्धा आता मोज्यांच्या जोड्या स्वतः लावतात.