फिजिओ इंटर्नशिपला निघालात? आधी राउंडचा क्रम ठरवा

सिस्टर बहुतेक वेळ आपल्याच वॉर्डात असतात. फिजिओ मात्र सकाळी आयसीयूत, मग ऑर्थोत, दुपारी ओपीडीत. जंतूंना अख्ख्या हॉस्पिटलचा पास काढून देणारे आपणच! म्हणून राउंडला निघण्याआधी सिस्टरांना विचारायचं, "आज कोणाचं कल्चर पॉझिटिव्ह आलंय?" म्हणजे कोणाच्या तपासणीत जंतू सापडलेत. गुडघा बदललेला ताजा पेशंट आधी घ्यायचा, चिघळलेल्या जखमेचा किंवा आयसोलेशनमधला, म्हणजे संसर्गामुळे वेगळा ठेवलेला, सगळ्यात शेवटी. नवी मुंबईत इतकी वर्षं काम करतेय, पण इंटर्नना हा प्रश्न विचारताना क्वचितच ऐकलंय.

हात धुण्याचे पाच प्रसंग परीक्षेत सगळेच लिहितात. राहून जातो तो पाचवा: पेशंटला नाही, नुसत्या त्याच्या कॉटच्या कठड्याला हात लागला तरी हात स्वच्छ करायचेत. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं, साबणाने धुताना ४० ते ६० सेकंद. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जंतूमुळे जुलाब होत असतील तर साबण-पाणीच, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. ग्लोव्हज काढल्यावरही हात धुवायचेच.

आपली खरी गोची उपकरणांत आहे. अल्ट्रासाउंड मशीनचं कातडीवर फिरवायचं हेड आधी टिश्यूने कोरडं पुसा, मगच जंतुनाशक लावा. जेलचा थर राहिला तर जंतुनाशक खालपर्यंत पोचतच नाही. जेलच्या बाटलीचं तोंड कातडीला टेकवू नका आणि अर्ध्या बाटलीत नवं जेल ओतू नका, जेलमध्येही जंतू वाढतात. सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर, वॉकरच्या मुठी, व्यायामाचा रबरी पट्टा म्हणजे थेराबँड, हेही पुसायचं आणि हो, तुमचा मोबाइलसुद्धा! कापडी मेजर टेप मी केव्हाच सोडली, ती धड पुसताच येत नाही.

छातीचा टीबी असलेल्याला खोकवून कफ काढायचा असेल तर एन-९५ लागतो, साधा सर्जिकल मास्क पुरत नाही. हेपॅटायटिस बीच्या लसीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, तेव्हा पोस्टिंगच्या आधीच सुरुवात करा. आपण इंजेक्शन देत नसलो तरी पेशंटला कुशीवर वळवताना चादरीत राहिलेली सुई टोचू शकते. टोचलीच तर जागा पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत तर नक्कीच.

होम व्हिजिटला निराळी तऱ्हा. ट्रान्स हार्बर लोकलची दांडी, रिक्षाचा गज, खारघरच्या टॉवरमधलं लिफ्टचं बटण, सगळं हाताळून आपण पोचतो आणि दारातच चहा पुढे येतो. "काकू, चहा नंतर, आधी बेसिन दाखवा," एवढं हसून सांगितलं की कोणी रागवत नाही. त्यांच्या टॉवेलऐवजी स्वतःचा टिश्यू वापरा. बॅग पेशंटच्या अंथरुणावर ठेवू नका.

आयएफटीच्या, म्हणजे सौम्य विजेच्या प्रवाहाने दुखणं कमी करणाऱ्या मशीनच्या, स्पंज पॅडचे दोन संच जवळ बाळगा. आपल्याकडच्या पावसाळ्यात धुतलेला पॅड संध्याकाळपर्यंत वाळत नाही, आणि ओला पॅड पिशवीत कोंबला की दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास मारतो.