कडाक्याच्या थंडीत परसबाग कशी जपावी

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळा भागात ऐन थंडीत गवतावरचे दव गोठते, तेव्हा अधिकृत नोंदीतला पारा बहुधा शून्याच्या बराच वर असतो. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, आडोशाला असतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन व पाने आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात, आणि जड झालेली गार हवा सखल जागी साचते. त्यामुळे गवताच्या पातळीवरचे तापमान नोंदीपेक्षा तीन-चार अंशांनी कमी भरू शकते. म्हणून निफाड, नाशिक, महाबळेश्वर अशा भागांत किमान तापमान पाच अंशांच्या आसपास जाण्याचा अंदाज असेल, सायंकाळी आकाश स्वच्छ असेल आणि झाडाचे पानही हलत नसेल, तर बागेची तयारी त्याच दुपारी करावी.

झाडाला स्वतःची ऊब जवळपास नसतेच. त्याला वाचवते ती दिवसभर तापलेल्या मातीची ऊब. पुढची सगळी कामे ती साठवण्यासाठी आणि रात्री टिकवण्यासाठी आहेत. कोरड्या, भुसभुशीत मातीत उष्णता फारशी साठत नाही, म्हणून सकाळी ऊन आल्यावर किंवा दुपारपर्यंत बुंध्याशी पुरेसे पाणी द्यावे. पाने मात्र भिजवू नयेत आणि चिखलही करू नये. पालापाचोळ्याचे आच्छादन मुळांना जपते, पण उन्हाची ऊब मातीत शिरू देत नाही आणि रात्री ती वरही येऊ देत नाही. त्यामुळे कोवळ्या भाजीच्या वाफ्यातले आच्छादन दिवसा बाजूला सारलेले बरे.

सूर्य मावळण्याच्या सुमारास, माती अजून कोमट असतानाच, झाडे झाकावीत. जुनी सुती चादर, गोणपाट किंवा रोपवाटिकेत मिळणारे पांढरे क्रॉप कव्हर (पिकांवर घालायचे पातळ, हलके कापड) यांपैकी काहीही चालते. झाकण चारही बाजूंनी जमिनीपर्यंत पोहोचले पाहिजे आणि कडांवर विटा ठेवल्या पाहिजेत. पुष्कळ ठिकाणी चादर झाडाच्या शेंड्याभोवती गुंडाळून खोडाशी सुतळीने आवळलेली दिसते. त्यात मातीची ऊब आत येण्याची वाटच बंद होते. प्लास्टिकचा कागद वापरायचाच असेल तर बांबूच्या कामट्यांची कमान करून त्यावर टाकावा, कारण कागदाला टेकलेली पाने हमखास करपतात. सकाळी ऊन अंगावर आले की झाकण काढावे, नाहीतर आत वाफ धरून बुरशी येते.

सर्वांनाच झाकण्याची गरज नसते. कोबी, पालक, मेथी, मुळा ही थंडीचीच पिके आहेत. टोमॅटो, मिरची, वांगी, अळू, तुळस, जास्वंद, पपई आणि केळी यांची काळजी आधी घ्यावी. आंब्याच्या लहान कलमांभोवती गवताचा किंवा कडब्याचा आडोसा करून आग्नेयेची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे कोवळे ऊन आत येते. कुंड्यांत माती थोडी असल्याने मुळे लवकर गारठतात. त्या गच्चीच्या उघड्या मध्यभागातून हलवून दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत, शक्यतो छज्ज्याखाली, एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. दिवसभर ऊन खाल्लेली भिंत रात्री बरीच उष्णता परत देते.

द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात, पण त्यांत उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा. नुसत्या धुराने जमिनीची उष्णता फारशी अडत नाही. घराजवळच्या छोट्या बागेत हा उपाय मी सुचवणार नाही, आणि टायर किंवा प्लास्टिक तर कधीच जाळू नये. थंडीच्या तोंडावर युरियाही देऊ नये, कारण त्याने फुटलेली लुसलुशीत पालवीच आधी बळी पडते.

एवढे करूनही पाने पाणी भरल्यासारखी काचेरी दिसली आणि दुपारपर्यंत काळी पडली, तर लगेच कात्री चालवू नये. मेलेली पानेही खालच्या डोळ्यांना, म्हणजे नवी फूट येते त्या कोंबांना, थोडा आडोसा देतात, आणि घाईने छाटल्यास नवी फूट पुढच्या थंडीत सापडते. फेब्रुवारीअखेर गारवा ओसरल्यावर नखाने साल हळूच खरवडून पाहावी: आत हिरवे असेल तिथे फांदी जिवंत आहे, तपकिरी असेल तिथे मेलेली. जिवंत भागातच, डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घ्यावा आणि जाड फांदीच्या कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी.