ई-रीडर घ्यायचा की मोबाईलवरच वाचायचं? पैसे घालण्याआधी या चुका टाळा

माझा भाचा लातूरला अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. गेल्या दिवाळीत त्यानं साठवलेल्या पैशांतून सहा इंची ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, घेतला. आठ दिवसांत फोन आला, "मामा, यात अक्षरच दिसेना." मी जाऊन बघितलं. यंत्रात काहीच खोट नव्हती. त्याचं सगळं वाचन म्हणजे झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या नोट्स होत्या, पीडीएफमध्ये.

यंत्र आधी आणि "मी वाचतो काय" हा प्रश्न नंतर, ही चूक मी सगळ्यात जास्त बघतो. सहा इंची पडद्याची रुंदी साधारण 9 सेंटीमीटर, ए-फोर कागदाची 21. म्हणजे पान निम्म्याहून लहान होतं आणि 12 पॉइंटचं अक्षर 5 पॉइंटवर येतं. मोठं करायला गेलं की पान डावी-उजवीकडे सरकवत बसा, आणि ई-रीडरचा कागदासारखा दिसणारा ई-इंकचा पडदा प्रत्येक हालचालीला रेंगाळतो. आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचता येतं, पण दोनशे पानांच्या नोट्स तशा वाचून होत नाहीत. नकाशे, तक्ते, रंगीत खुणा, समासातली टिपणं असं वाचन असेल तर दहा इंची टॅबलेटच घ्या.

फाईल कशी आहे हे ओळखायची सोपी युक्ती आहे. फोनवर पीडीएफ उघडा, एक ओळ निवडा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. ओळ निवडलीच जात नसेल तर ते नुसतं चित्र आहे. इंग्रजी अक्षरांचा काला झाला तर मजकूर जुन्या, युनिकोड (कुठल्याही यंत्रावर सारखी उमटणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाईप केलेला आहे. अशी पीडीएफ ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाईलमध्ये, बदलायला गेलात तर हाती तोच काला येतो. मराठी नीट उमटलं तर आशा आहे, तरी वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर आहेत ना ते बघा.

माझे वडील गावी असतात. त्यांना ज्ञानेश्वरी आणि कादंबऱ्या लागतात. त्यांच्यासाठी मात्र ई-रीडरसारखी वस्तू नाही. ईपबमध्ये अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं आणि ओळी आपोआप नव्यानं मांडल्या जातात. ओवी असेल तर एक काळजी घ्या: अक्षर इतकं मोठं करू नका की चरण मध्येच मोडेल. एकेक खूण वाढवत जा आणि पूर्ण चरण एका ओळीत राहील तिथं थांबा. ई-रीडरच्या पडद्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण असतात. वीज लागते ती त्यांची जागा बदलताना, म्हणजे पान उलटताना. वायफाय बंद आणि यंत्रातला दिवा मंद ठेवला तर एक चार्जिंग आठवडे पुरतं. गावाकडं लाईटचा भरवसा नसतो, तिथं हे फार मोलाचं आहे. लिंबाखाली बाजेवर पडून भर उजेडात वाचलं तरी पडदा चमकत नाही. तिथं मोबाईलमध्ये आपलाच चेहरा दिसतो.

पण उजेड वेगळा आणि ऊन वेगळं. बऱ्याच यंत्रांच्या माहितीपत्रकात वापरासाठी 0 ते 35 अंश तापमान दिलेलं असतं, आणि परभणी-नांदेडचा मे महिना चाळिशी ओलांडतो. गाडीच्या डिकीत, पत्र्याखाली, खिडकीतल्या उन्हात यंत्र ठेवू नका. बॅटरी त्यानंच लवकर मरते.

पुस्तकं मिळतात कुठं, हेही आधी बघा. अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर मराठी पुस्तकं 2016 पासून विकत मिळतात आणि 2022 पासून आपली ईपब फाईलही त्यावर पाठवता येते. मराठी विकिस्रोतावरून जुनी पुस्तकं ईपबमध्ये मोफत उतरवता येतात. पण काही विक्रेत्यांची ई-पुस्तकं त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात. तुमचा संग्रह तसा असेल तर फोन किंवा टॅबलेट बरा. फोनवर वाचताना सूचना बंद ठेवा, एवढं केलं तरी वाचन निम्मं सुधारतं.

आता नेहमीच्या अडचणी. मागच्या पानाची पुसट छाया राहते? सेटिंगमध्ये दर पानाला पडदा ताजा करण्याची सोय चालू करा. किंडल अडकून बसलं तर चालू-बंदचं बटण 40 सेकंद दाबून धरा. त्यानं आतली पुस्तकं पुसली जात नाहीत. फोनचा हॉटस्पॉट सापडत नसेल तर हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झवर आणा, कारण कितीतरी जुने ई-रीडर तेवढाच पट्टा ओळखतात. वाचून डोकं दुखत असेल तर यंत्राला दोष देण्याआधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

आणि जुना ई-रीडर घेत असाल तर विकणाऱ्याला समोर बसवून यंत्रावरचं त्याचं खातं हटवायला लावा, यंत्र मूळ स्थितीत आणायला सांगा आणि तुमच्या खात्यानं ते सुरू झाल्यावरच पैसे द्या.