स्टाफ नोटेशनचे संदर्भग्रंथ घेण्याआधी

स्टाफ नोटेशन म्हणजे पाच रेषांवर स्वर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत. तिच्यावरच्या पुस्तकांची नावं शोधण्याआधी स्वतः लिहिलेली काही पानं समोर घ्या आणि जिथे जिथे हात अडतो तिथे खूण करा. कॉर्डमधले (एकत्र वाजणाऱ्या स्वरांमधले) शार्प-फ्लॅट, म्हणजे स्वर चढवणारी-उतरवणारी चिन्हं, एकमेकांवर आदळू नयेत म्हणून कशी मांडायची, एकाच स्टाफवर दोन आवाज (स्वतंत्र सुरावटी) असतील तर रेस्ट (विरामाचं चिन्ह) कुठे सरकवायचा, ६/८ तालात बीम (स्वरांच्या काड्या जोडणारी जाड रेघ) कुठे तोडायचा. हे प्रश्न कागदावर उतरवा, कारण प्रत्येक पुस्तक त्यांच्यावरच तपासायचं आहे.

मग प्रश्न दोन गटांत वाटा. काय लिहायचं ते नोटेशनचं पुस्तक सांगतं. ते पानावर किती अंतराने बसवायचं हा एन्ग्रेव्हिंगचा विषय. हाफ नोट क्वार्टर नोटच्या दुप्पट वाजते, पण तिला दुप्पट जागा देत नाहीत. असल्या बारकाव्यांसाठी टेड रॉस यांचं १९७० चं पुस्तक मिळतं का पाहा. धातूच्या पत्र्यावर ठसे मारून संगीत कोरणाऱ्यांची ती विद्या आहे. बीमचा उतार आणि स्लरची (स्वर जोडून वाजवायला सांगणाऱ्या वक्ररेषेची) कमान संगणकावरही त्याच नजरेने जोखावी लागते.

एकच ग्रंथ घेणं शक्य असेल, तर इलेन गूल्ड यांचा ‘बिहाइंड बार्स’ (२०११) घ्या, असं मी निःसंकोच सांगेन. साडेसहाशेहून जास्त पानं, भरपूर उदाहरणं, वाद्यांसाठी वेगळी प्रकरणं. विसाव्या शतकातली नवी चिन्हं लागत असतील, तर कर्ट स्टोन यांचं पुस्तक (१९८०) जोडीला हवं. त्यामागे बेल्जियममधल्या घेंटला १९७४ मध्ये भरलेल्या नोटेशन परिषदेचं काम आहे.

प्रकाशनवर्ष बघायला विसरू नका. जुन्या पद्धतीत गाण्याच्या ओळीत प्रत्येक अक्षराच्या स्वराला सुटा फ्लॅग (काडीच्या टोकाची शेपटी) असे, आता वाद्यांसारखे ठोक्यांनुसार बीम करतात. हातातलं पुस्तक कोणत्या काळाचं बोलतंय, ते या एका मुद्द्यावरून बऱ्यापैकी कळतं. शेवटची सूचीही उघडा; ‘ग्रेस नोट’ चटकन सापडली नाही, तर ऐन कामात ते पुस्तक कपाटातच राहील.

ऑर्केस्ट्रासाठी प्रत्येक वादकाची सुटी पानं, म्हणजे पार्ट्‌स करणार असाल तर ऑर्केस्ट्रा ग्रंथपालांच्या ‘मोला’ या संघटनेची मार्गदर्शिका नेटवरून उतरवून घ्या, ती मोफत आहे. पान उलटायला वादकाचा हात मोकळा हवा, हे तिथे नीट समजतं. काम प्रकाशकाचं असेल, तर त्यांची स्वतःची नियमावली आधी मागा; पुस्तकाशी तिचा मेळ बसला नाही, तर छपाईत तीच चालते.